गच्चीवरचा टॉवर, उशाखालचा फोन

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मोबाइल, टॉवर, वायफाय आणि तब्येत या विषयावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या पुण्यातल्या पाच मजली सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर लावण्यासाठी एक कंपनी भाडं द्यायला तयार आहे. पाचव्या मजल्यावरच्यांचा विरोध आहे, खालच्यांचा होकार. टॉवरच्या बरोबर खाली राहणाऱ्यांना जास्त धोका असतो ना?

नाही. बरोबर खाली राहणाऱ्यांवर कमी लहरी पडतात, समोरच्या इमारतीत त्याच उंचीवर राहणाऱ्यांवर जास्त. सभेत हे सगळ्यांत आधी सांगा.

टॉवरवर पुरुषभर उंचीच्या करड्या, चपट्या पेट्या उभ्या लावलेल्या दिसतात, त्या अँटेना. बल्ब चारी बाजूंना उजेड पाडतो तसं त्यांचं नसतं. विजेरीसारखा त्यांचा झोत समोर जातो. हा झोत आडवा रुंद असतो, पण उभा अगदी चपटा, सहा-सात अंशांचा, आणि किंचित खाली झुकवलेला. इमारत आणि खांब मिळून अँटेना २१ मीटर उंचीवर असेल आणि ती ४ अंश झुकवलेली असेल, तर झोताचा मध्य ३०० मीटर अंतरावर जमिनीला टेकतो. पायथ्याशी उतरतं ते झोताच्या शेकडो पटींनी कमी, आणि मध्ये काँक्रीटचा स्लॅब असतोच.

आता आकडे पाहू. एका अँटेनाला २० वॅट दिले, तरी ते एका दिशेला एकवटल्यामुळे झोतात उभ्या असलेल्या माणसाला ती १००० वॅटच्या, सगळीकडे सारखं फेकणाऱ्या स्रोताइतकी प्रखर असते. समोर ३० मीटरवर बरोबर झोतात घर असेल, तर तिथे दर चौरस मीटरला साधारण ०.०९ वॅट पोहोचतात. ही अँटेना १८०० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडत असेल, तर त्यासाठी भारतातली मर्यादा दर चौरस मीटरला ०.९ वॅट आहे. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१२पासून लागू आहे आणि ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. म्हणजे एका अँटेनाचा हिशेब मर्यादेच्या दहाव्या भागात बसतो. पण एकाच खांबावर दोन-तीन कंपन्यांच्या, वेगवेगळ्या बँडच्या (लहरींच्या पट्ट्यांच्या) अँटेना एकाच दिशेला तोंड करून बसतात तेव्हा सगळ्यांची बेरीज होते. दूरसंचार विभागाच्या सूचनांमध्ये त्याच उंचीवरच्या समोरच्या इमारतीसाठी अंतर ठरवून दिलं आहे ते यासाठीच: दोन अँटेना असतील तर ३५ मीटर, चार असतील तर ४५, सहा असतील तर ५५. आराखड्यावर प्रत्येक अँटेनाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते मागून घ्या आणि टेप धरून समोरच्या इमारतीपर्यंतचं अंतर मोजा. शेजारच्या सोसायटीची तक्रार इथे खरी ठरू शकते. ती ऐकून घ्यायलाच हवी.

खरा सावध राहण्याचा भाग मात्र तुमच्या स्वतःच्या गच्चीवर आहे. वरच्याच हिशेबाने अँटेनाच्या तोंडासमोर साधारण ९ मीटरच्या आत भारतीय मर्यादा ओलांडली जाते. अँटेना उंच खांबावर असेल तर गच्चीवर उभ्या माणसाच्या डोक्यावरून झोत निघून जातो. पण जागा वाचवायला ती कठड्यालगत छातीच्या उंचीवर बसवली, तर पाण्याची टाकी धुणारा, सोलर पॅनेल पुसणारा, पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या बायका तिच्या समोर येतात. म्हणून करारातच लिहून घ्या: अँटेनाची खालची कड गच्चीच्या फरशीपासून माणसाच्या डोक्याच्या वर हवी, समोरच्या भागाला साखळी आणि फलक हवा, आणि टाकी किंवा खांबाजवळ काम असेल त्या दिवशी त्या बाजूची अँटेना बंद करण्यासाठी एक फोन नंबर हवा.

एवढं झालं की स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागा. जुन्या स्लॅबवर खांब, बॅटऱ्या आणि जनरेटर यांचं किती वजन येणार, वॉटरप्रूफिंग फोडून बोल्ट मारणार का, वीजरोधक कुठे उतरवणार, जनरेटरचा आवाज रात्री किती असेल, हे सगळं ठरावाआधी लेखी घ्या. पाचव्या मजल्याला पुढे त्रास होईल तो बहुधा गळतीचा आणि आवाजाचा.

टॉवर सुरू झाल्यावर शंका उरलीच, तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर त्या टॉवरची माहिती पाहता येते आणि मोजणीसाठी अर्ज करता येतो. २०१७मध्ये पोर्टल सुरू झालं तेव्हा मोजणीचं शुल्क ४००० रुपये ठेवलं होतं. मर्यादा मोडलेली आढळली तर कंपनीला त्या केंद्रामागे १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आमचं गाव सिंधुदुर्गात. घरात रेंजची एकच कांडी असते. मुलगा मुंबईहून रोज तासभर बोलतो आणि बोलून झाल्यावर फोन आणि कान दोन्ही तापलेले असतात. गावात टॉवर नाही, म्हणजे आम्ही रेडिएशनपासून सुरक्षित आहोत, असं शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांचा समज नेमका उलटा आहे, आणि हा समज आम्हाला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो.

आपल्या शरीरात रेडिओलहरींची जी ऊर्जा शिरते, तिचा मोठा भाग दूरच्या टॉवरचा नसतो. कानाला लावलेल्या आपल्याच फोनचा असतो. टॉवर जवळ असेल तर फोन हळू बोलतो, लांब असेल तर ओरडतो. फोर-जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट सोडतो, पण रेंज उत्तम असेल तर तोच फोन एक हजारांश वॅटच्याही खाली येतो. टू-जीवर चालणारा साधा फोन ९०० मेगाहर्ट्झवर क्षणिक २ वॅटपर्यंत जातो. तो आठातल्या एकाच वेळखणात बोलत असल्याने सरासरी पाव वॅट पडते. गावातला टॉवर हलवा म्हणून मोर्चा निघतो आणि टॉवर हलतो, तेव्हा सगळ्या गावाचे फोन कानाशी ओरडायला लागतात.

तुमच्या घरात हे स्वतः पाहता येतं. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग फोनविषयी, मग सिमची स्थिती असं उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो: उणे ८५ चांगला, उणे ११५ फार वाईट. माजघरात, जांभ्याच्या चिऱ्याच्या जाड भिंतीआड उभं राहून आकडा बघा, मग ओटीवर या, मग अंगणात. पत्र्याचं छप्पर असेल तर फरक आणखी मोठा दिसेल. आकडा १०ने सुधारला की फोनला दहापट कमी जोर लावून भागतं, २०ने सुधारला की शंभरपट कमी. तासभराचा फोन माजघराऐवजी अंगणातल्या बाकड्यावर बसून घेणं, एवढ्याने खूप साधतं.

त्याहून सोपा उपाय म्हणजे स्पीकर किंवा वायरचे इअरफोन. फोन कानापासून वीतभर लांब गेला की डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा किती तरी पटींनी उतरते. ब्लूटूथ इअरबडही चालतात; ते काही मिलिवॅटांवरच चालतात. घरी फायबरचं इंटरनेट आलं असेल तर फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. मग फोनला डोंगरापलीकडच्या टॉवरला हाक मारावी लागत नाही, खोलीतल्या राउटरशी बोललं की काम होतं. एसटीत, लिफ्टमध्ये, घाटात आणि फोन रेंज शोधत असताना लांबलचक बोलणं टाळा. नंबर लावल्यावर फोन लगेच कानाला न लावता समोरच्याने उचलल्यावर लावा.

कान तापतो तो मुख्यतः बॅटरी आणि फोनच्या आतल्या भागांच्या उष्णतेने, शिवाय कानाला चिकटलेली काच हवा खेळू देत नाही. त्या उबेवरून रेडिओलहरींचा अंदाज बांधता येत नाही. पण एकच कांडी असताना फोन पूर्ण जोराने काम करतो म्हणून बॅटरीही जास्त तापते, इतका संबंध आहे. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर मात्र तो फोन चार्जिंगला लावू नका, बॅटरी बदला.

फोनवर *#०७# दाबलं की सारचा आकडा येतो. माझ्या फोनचा १.१ आहे, बहिणीच्या फोनचा ०.६. माझा फोन दुप्पट घातक आहे का?

तसा अर्थ काढू नका. सार म्हणजे एक किलो ऊतीत किती वॅट शोषले जातात ते. भारतात मर्यादा १.६ वॅट दर किलो आहे, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. ही चाचणी फोनला पूर्ण जोर लावायला सांगून घेतात. तुमचा फोन दिवसाचा बराचसा वेळ त्याच्या कितीतरी खाली चालतो. १.१चा फोन चांगल्या रेंजमध्ये आणि ०.६चा फोन तळघरात, तर तळघरातला फोन जास्त देईल. दोन्ही मर्यादेत आहेत. खरेदी करताना अँटेना चांगली आहे का, रेंज कशी धरतो, हे पाहणं जास्त उपयोगी.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. अंगाजवळची चाचणी बहुतेकदा फोन अंगाला टेकवून होत नाही, काही मिलिमीटर अंतर ठेवून होते. मॅन्युअलमध्ये ते अंतर लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये सप्टेंबर २०२३मध्ये आयफोन १२ची विक्री थांबवली गेली, कारण हातात किंवा खिशात धरल्यावर मोजलेला आकडा ५.७४ आला आणि तिथली मर्यादा ४ होती. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून जोर कमी केला आणि विक्री पुन्हा सुरू झाली. मोजणारी यंत्रणा जागी असली की चूक सापडते. ब्लाउजमध्ये किंवा कमरेला खोचून फोन ठेवण्याची सवय असेल तर त्याऐवजी पर्स वापरा.

जागतिक आरोग्य संघटनेनेच मोबाइलला कर्करोगकारक ठरवलंय ना? मग एवढे निर्धास्त कसे?

आधी एका शब्दाविषयी. मराठीत चेर्नोबिललाही किरणोत्सर्ग म्हणतात आणि वायफायलाही. अर्धी भीती या एका शब्दातून येते. एक्स-रे किंवा किरणोत्सारी पदार्थांचे किरण रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात, डीएनए तोडतात. त्यासाठी एका कणाला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. वायफायच्या लहरीच्या एका कणाची ऊर्जा त्याच्या दहा लाखांश असते. असे कण कितीही वाढवले तरी ते बंध तोडत नाहीत, ऊती थोडी गरम करतात. संपूर्ण शरीरात ४ वॅट दर किलो शोषले गेले की प्राण्यांमध्ये परिणाम दिसू लागतात. सामान्य माणसासाठी संपूर्ण शरीराची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, ०.०८ वर ठेवली आहे.

आता वर्गीकरण. आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११मध्ये रेडिओलहरींना ‘२ब’ गटात टाकलं. त्याचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा आहे’ असा. कारण होतं मुख्यतः १३ देशांतला इंटरफोन अभ्यास. त्यात एकंदर फोन वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत, पण आयुष्यात १६४० तासांहून जास्त बोललेल्या गटात ग्लायोमाचं (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीचं) प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आलं. हा आकडा लोकांच्या आठवणीवरून काढलेल्या तासांवर उभा होता, आणि काहींनी दिवसाला अशक्य वाटावेत इतके तास सांगितले होते. तरी तो दुर्लक्षिण्यासारखा नव्हता, म्हणून २ब. पुढे २०१८मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात मोबाइलच्या लहरी दिलेल्या नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या. त्यांना रोज नऊ तास, संपूर्ण अंगावर, माणसाच्या मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा दिली होती, आणि तेच उंदीर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. २०२४मध्ये आरोग्य संघटनेसाठी ६३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही.

याच कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग होतो अशा गटात, तंबाखू, मिश्री, सुपारी आणि दारू आहेत. लाकडाच्या चुलीचा घरात कोंडणारा धूर ‘२अ’मध्ये आहे, मोबाइलच्या वरच्या पायरीवर. तुमच्या घरात कुणी मिश्री लावत असेल, चुलीवर स्वयंपाक होत असेल, तर काळजीची सुरुवात तिथून करा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

वडिलांना पेसमेकर बसवला आहे. ते फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवतात. घरी इंडक्शन शेगडीही आहे.

इथे मात्र नियम पाळायचेच. फोन पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर दूर हवा, म्हणजे शर्टाचा खिसा बंद, पँटचा खिसा चालेल. पेसमेकर डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला लावावा. पाठीला चुंबक असलेले फोन आणि चुंबकी चार्जर जास्त जपून वापरा: चुंबक जवळ आला की पेसमेकर चाचणीच्या पद्धतीत जातो आणि ठरलेल्या एकाच गतीने ठोके देतो. वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरहून जास्त अंतर ठेवा. इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटिमीटर. भांडं शेगडीच्या मधोमध आणि पूर्ण तळ टेकलेलं हवं. लहान किंवा कडेला सरकलेल्या भांड्याभोवती चुंबकक्षेत्र जास्त सांडतं. मॉलच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या चौकटीतून सरळ चालत जावं, टेकून उभं राहू नये. वायफाय राउटरसाठी काही वेगळं करायला नको. चक्कर आली तर फोन लांब करा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

वायफाय चालू असलं की माझं डोकं जड होतं, झोप लागत नाही. घरचे म्हणतात मनाचे खेळ.

त्रास खरा आहे, त्याला मनाचे खेळ म्हणू नये. प्रश्न कारणाचा आहे. असा त्रास सांगणाऱ्या लोकांवर लहर चालू आहे की बंद ते न सांगता केलेल्या ४६ प्रयोगांचा आढावा २०१०मध्ये घेतला गेला. त्यांना चालू-बंद ओळखता आलं नाही आणि त्रासही त्यानुसार बदलला नाही.

तुम्ही हे घरी करून पाहू शकता. राउटर कपाटात ठेवा, त्याच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा. रोज रात्री घरातल्या दुसऱ्या कुणी नाणं उडवायचं: छापा आला तर चालू, काटा आला तर बंद. त्याने आपल्या वहीत लिहायचं आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही. त्या काळात तुमचा फोन दुसऱ्या खोलीत, म्हणजे वायफायची खूण दिसणार नाही. सकाळी झोप आणि डोकेदुखीला १ ते १० गुण तुमच्या वहीत लिहा. २० रात्री झाल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवा. बहुतेकांना गुण आणि राउटर जुळत नाहीत असं दिसतं आणि त्यातूनच मन हलकं होतं. मग रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या खोलीत राउटर आहे. रात्री बंद करू का?

लहरींसाठी गरज नाही. १०० मिलिवॅटचा राउटर एक मीटरवर दर चौरस मीटरला ०.००८ वॅट देतो, तीन मीटरवर ०.००१च्या खाली, आणि तेही तो सलग बोलत असेल तर. रिकामा असताना तो सेकंदाला साधारण दहा वेळा क्षणभर हजेरी लावतो आणि गप्प बसतो. पण मुलांची कवटी पातळ असते आणि त्यांना पुढे अख्खं आयुष्य फोन वापरायचा आहे, म्हणून कानाला फोन कमी लावायची सवय आत्ताच लावा. राउटर रात्री बंद केल्याने मुलगी अंथरुणात व्हिडिओ पाहणार नसेल तर जरूर बंद करा. झोपेचा फायदा त्यातून होईल.

फोनवर चिकटवायची चिप रेडिएशन कमी करते का?

नाही. चिपने खरंच लहर अडवली तर फोन आणखी जोर लावेल आणि बॅटरी लवकर संपेल. नाही अडवली तर ते नुसतं स्टिकर. ऑक्टोबर २०२०मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने शेणाच्या चिपबद्दल असाच दावा केला, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी पुरावा मागणारं पत्र लिहिलं होतं. गळ्यात घालायची ‘ऊर्जा’ पदकं तर मुळीच घेऊ नका. डिसेंबर २०२१मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने फाइव्ह-जीपासून रक्षण करतो म्हणून विकलेली अशी १० उत्पादनं तपासली. ती खरोखरच किरणोत्सारी निघाली. मुलांच्या गळ्यात असं काही असेल तर आजच काढा.

टॉवरमुळे चिमण्या गेल्या, हे खरं का?

तसा भक्कम पुरावा नाही. ब्रिटनमध्ये चिमण्या १९७०च्या दशकापासून कमी होऊ लागल्या, मोबाइल येण्याच्या आधी. वळचणी, कौलं आणि भिंतीतली भोकं गेली, पिलांना भरवायला किडे उरले नाहीत, ही कारणं जास्त वजनदार आहेत.

मायक्रोवेव्हमध्ये फोन ठेवून दार लावलं आणि फोन लावला, तर रिंग वाजली. म्हणजे ओव्हन गळतो ना?

नाही. फोनला रिंग वाजायला वॅटच्या अब्जांश भागाहून कितीतरी कमी पुरतं, त्यामुळे चांगल्या ओव्हनमध्येही तो वाजू शकतो. फोन आत असताना चुकूनही बटण दाबू नका. ओव्हन चालू असताना वायफाय मंदावतं, तेही याच कारणाने: दोघं २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात आणि राउटरच्या नाजूक कानाला किंचित गळतीही आवाजासारखी वाटते.

पाहायचं ते दार. बिजागरी ढिली नाही ना, दार बंद केल्यावर चारी बाजूंनी सारखं बसतं का, जाळीवर जळका डाग किंवा काचेला तडा नाही ना, कडेला तेलकट थर साचलेला नाही ना. ओल्या फडक्याने कड पुसत राहा, उघड्या दारावर जड भांडं टेकवू नका. दार वाकलं असेल तर सर्व्हिसवाल्याला गळतीचा मीटर घेऊन बोलवा: दारापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही मर्यादा आहे. तेवढी गळती असली, तरी अर्धा मीटर मागे सरकलं की ती सुमारे शंभरपट उतरते.